‘रॉक मशीन’ ते ‘इंडस क्रीड’ : स्वतःच्या गाण्याचा शोध

गोषवारा

मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेला ‘रॉक मशीन’ हा रॉक बँड १९९३ पासून ‘इंडस क्रीड’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९९७ मध्ये तो विसर्जित झाला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. १९८८ ते २०१२ या काळात त्याचे चार अल्बम प्रकाशित झाले. या बँडचे मूल्यमापन करताना त्याच्या संगीतात ‘भारतीयत्व’ किती आहे, हाच प्रश्न प्रामुख्याने विचारला गेला. प्रस्तुत लेखात हा निकष अपुरा असल्याचे प्रतिपादन केले आहे. या बँडचे खरे कर्तृत्व भारतीय रंग मिसळण्यात नसून ‘स्वतःचे गाणे’ हा आग्रह धरण्यात व तो टिकविण्यात आहे, असे चारही अल्बमांच्या क्रमवार विचारातून दिसून येते.

बीजशब्द : रॉक संगीत, अनुकरण, स्वरचित गीत, ध्वनिमुद्रण, भाषा

१. प्रस्तावना

नागपूर परिसरात ‘बँड’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो वरातीचा बँड. लाल-सोनेरी गणवेश, पितळी वाद्ये आणि त्या वर्षी गाजलेले चित्रपटगीत हे त्याचे ठरलेले रूप. त्यानंतर आठवतो तो गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा. त्यातील गायकाने रफी किंवा किशोरकुमार ‘हुबेहूब’ गाइला, तर त्याच्यासाठी याहून मोठी पावती नसते. या दोन्ही ठिकाणी वृंद दुसऱ्याचे गाणे लोकांपर्यंत पोहोचवितो आणि श्रोता त्या गाण्याची मूळ ध्वनिमुद्रणाशी तुलना करून दाद देतो. स्वतः रचलेले गाणे ऐकविण्याची अपेक्षा अशा वृंदांकडून कोणी करीत नाही.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय भारतातील रॉक बँडपुढील मुख्य अडचण समजत नाही. रॉक संगीत भारतात आले ते तबकड्यांवरून आणि ते गाणाऱ्यांपुढेही ‘हुबेहूब’ हाच आदर्श होता. फरक इतकाच, की येथे रफीच्या जागी इंग्लंड-अमेरिकेतील एखादा नामांकित बँड असे. या आदर्शातून बाहेर पडण्याचा दीर्घ आणि सलग प्रयत्न ज्या थोड्या बँडांनी केला, त्यांत ‘रॉक मशीन’ उर्फ ‘इंडस क्रीड’ याचे स्थान महत्त्वाचे आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. दुसऱ्याचे गाणे गाणे हा मुळात दोष कसा? विदर्भातील गावोगावची भजनी मंडळे खंजिरीच्या साथीने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने पिढ्यान् पिढ्या गात आली आहेत. ख्यालगायक शतकापूर्वीची बंदिश गातो. त्यांना कोणी अनुकरण करणारे म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. याचे कारण असे, की बंदिश हा गायनाचा आरंभबिंदू असतो. गायक तिच्यात स्वतःची भर घालतो आणि त्या भरीवरच त्याची योग्यता ठरते. भजनात गाणाऱ्याची श्रद्धा आणि समूहाचा सहभाग हेच मूल्य असते. रॉक बँडने केलेल्या प्रतिकृतीत यांपैकी काहीच नसते. मूळ ध्वनिमुद्रणापासून ढळणे हीच तेथे चूक ठरते. म्हणूनच रॉक संगीतात ‘स्वतःचे गाणे’ ही केवळ हौसेची बाब न राहता कलावंत म्हणून अस्तित्वाची अट ठरते.

२. पूर्वपीठिका

पाश्चात्त्य वाद्ये वाजविणाऱ्यांची परंपरा मुंबईला नवी नव्हती. गोव्याहून आलेल्या वादकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरातील जॅझ-वृंद उभे केले. पुढे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संगीतकारांनी हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यमेळाला आकार दिला. परंतु या वादकांचे कौशल्य प्रामुख्याने दुसऱ्यांच्या रचना सजविण्यात खर्ची पडले.

१९७० आणि १९७१ या वर्षी एका सिगारेट-उत्पादनाच्या नावाने झालेल्या ‘सिमला बीट’ या अखिल भारतीय स्पर्धेतून देशभरातील तरुण वृंद पुढे आले व त्यांची गाणी तबकड्यांवर निघाली. त्यांत काही स्वरचित गाणीही होती. मात्र बहुतेक वृंद अल्पायुषी ठरले. त्यामागील कारणे उघड होती. आयातशुल्कामुळे परदेशी गिटार आणि ध्वनिवर्धक सामान्य तरुणाच्या आवाक्याबाहेर होते. ध्वनिमुद्रणकक्ष मुख्यत्वे चित्रपटगीते आणि जाहिरातींवर चालत. कार्यक्रम प्रामुख्याने महाविद्यालयीन महोत्सवांत आणि हॉटेलांत होत, आणि तेथील श्रोत्याला ओळखीचे परदेशी गाणेच हवे असे.

मुंबईत धोबीतलावजवळचे ‘रंगभवन’ हे खुले प्रेक्षागृह या संगीताचे केंद्र बनले. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणाऱ्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवामुळे स्थानिक बँडांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला. पुढे ध्वनिप्रदूषणासंबंधी २००० चे नियम आले. परिसरातील रुग्णालय व शिक्षणसंस्थांमुळे शांतता क्षेत्रात मोडणारे रंगभवन या संगीताला बंद झाले. अशा व्यासपीठाचा उदय आणि अस्त यांच्या दरम्यान ‘रॉक मशीन’ची मुख्य कारकीर्द घडली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

३. पहिले दोन अल्बम : आव आणि आवाज

बँडच्या स्थापनेपासून गिटारवादक महेश तिनईकर त्यात होते. गायक उदय बेनेगल लवकरच येऊन मिळाले. जयेश गांधी (गिटार), मार्क सेल्विन (बास गिटार), झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) आणि मार्क मेनेझिस (ड्रम) यांच्यासह तयार झालेला संच श्रोत्यांच्या विशेष स्मरणात राहिला. इतरांप्रमाणे या बँडनेही परदेशी गाण्यांपासूनच सुरुवात केली. मात्र पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करण्याची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःची गाणी निवडली. हा निर्णय कारकिर्दीतील सर्वांत मोठा निर्णय मानावा लागतो.

‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा पहिला अल्बम १९८८ मध्ये प्रकाशित झाला. शीर्षकातील ‘रेनिगेड’ म्हणजे बंडखोर. परंतु हे बंड नेमके कोणाविरुद्ध, याचे उत्तर या अल्बममध्ये ठळकपणे मिळत नाही. ऐंशीच्या दशकातील पाश्चात्त्य हार्ड रॉकमधील बेफिकीर नायकाची प्रतिमा येथे जवळजवळ तयार स्वरूपात उचलली आहे. गाणी स्वतःची, परंतु त्यांतून बोलणारा माणूस मात्र उसना, असा हा पेच आहे. तरीही या अल्बमची थोरवी कमी होत नाही. ज्या श्रोत्यांना केवळ परिचित परदेशी गाणी ऐकायची होती, त्यांच्यासमोर अपरिचित गाणी ठेवून ती पुन्हा ऐकण्यास भाग पाडणे हीच त्या काळी मोठी झेप होती.

१९९० मधील ‘द सेकंड कमिंग’ या दुसऱ्या अल्बममध्ये आव ओसरतो आणि आवाज सापडू लागतो. गाण्यांची बांधणी अधिक रेखीव होते. कीबोर्ड आणि गिटार एकमेकांना वाट करून देतात आणि गायकाला ओरडण्याऐवजी गाण्यास जागा मिळते. यातील ‘प्रिटी चाइल्ड’ हे गाणे या दृष्टीने महत्त्वाचे आहे. स्वतःविषयी बढाई मारणारा पहिल्या अल्बममधील नायक शीर्षकापासूनच मागे सरतो आणि गाणे दुसऱ्या कोणाकडे तरी पाहू लागते. बाहेर पाहणारी ही दृष्टी हाच या बँडच्या प्रौढत्वाचा आरंभ होय.

या गाण्याच्या भाग्याला तंत्रज्ञानाचीही जोड मिळाली. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या भारतात दिसू लागल्या आणि त्यांच्यासोबत एमटीव्हीची आशियाई वाहिनी आली. ‘प्रिटी चाइल्ड’च्या चित्रफितीला १९९३ मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळाला. रंगभवनाच्या कठड्यापाशी उभ्या असलेल्या श्रोत्यांपुरते मर्यादित असलेले हे संगीत केबलच्या तारेने महानगराबाहेरील घरांतही पोहोचू शकले. परंतु ज्या माध्यमाने ही व्याप्ती दिली, त्याच माध्यमाच्या अपेक्षा पुढे बँडवर लादल्या गेल्या, हेही नोंदविले पाहिजे.

४. नावातील बदल आणि १९९५ चा अल्बम

१९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव स्वीकारले. ‘रॉक मशीन’ हे नाव जगातील कोणत्याही शहरातील कोणत्याही बँडला शोभले असते. नव्या नावात मात्र भूमीचा निर्देश आहे. त्यामुळे हा बदल आत्मशोधाचे लक्षण म्हणून वाखाणला गेला. या कौतुकात तथ्य असले तरी नाव बारकाईने पाहिल्यास त्यातील अंतर्विरोधही लक्षात येतो. ‘इंडस’ हे सिंधू नदीला ग्रीक-लॅटिन परंपरेतून मिळालेले नाव आहे. नदीकाठचे लोक तिला त्या नावाने हाक मारीत नाहीत. म्हणजेच बँडने आपली ओळख सांगितली ती पाहुण्याने ठेवलेल्या नावाने. स्वतःकडे पाहण्यासाठी आरसा घेतला, परंतु तो दुसऱ्याच्या घरचा होता.

हाच अंतर्विरोध १९९५ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘इंडस क्रीड’ याच नावाच्या अल्बममध्ये जाणवतो. येथे भारतीय ताल आणि स्वररंग रॉकच्या चौकटीत आणण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न आहे. ध्वनिमुद्रणाचा दर्जा आधीच्या दोन्ही अल्बमांपेक्षा सरस आहे व वादनात आत्मविश्वास आहे. परंतु भारतीय घटक गाण्याच्या बीजातून उगवण्याऐवजी पुष्कळदा गाण्याला वरून दिलेल्या रंगासारखे वाटतात. ते काढून घेतले तरी गाणे फारसे बदलत नाही. एखादा घटक रचनेत किती मुरला आहे याची ही साधी कसोटी आहे, आणि या कसोटीवर हा अल्बम पूर्णपणे उतरत नाही.

तुलनेसाठी दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा २००० मधील ‘कंडिसा’ हा अल्बम पाहता येईल. त्यातील ‘मा रेवा’ या गाण्यातून नर्मदेचे लोकगीत वेगळे काढता येत नाही, कारण तेच गाण्याचे मूळ आहे. गिटार त्या सुरावटीभोवती वाढली आहे. ‘इंडस क्रीड’ने रॉकच्या घरात भारतीय पाहुणा बोलावला, तर ‘इंडियन ओशन’ने लोकगीताच्या अंगणातच आपली वाद्ये मांडली, असा हा भेद आहे. मात्र या तुलनेवरून पहिला बँड कनिष्ठ ठरविणे घाईचे होईल. दोघांचे प्रश्नच भिन्न होते. ‘इंडियन ओशन’पुढे लोकसंगीताला नवे रूप कसे द्यावे हा प्रश्न होता. ‘इंडस क्रीड’चा खरा प्रश्न इंग्रजीत विचार करणाऱ्या शहरी भारतीयाने स्वतःचे गाणे कसे रचावे, हा होता. दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वहीत उतरविण्याचा मोह १९९५ च्या अल्बममध्ये दिसतो आणि तोच त्याचा दुबळेपणा आहे.

५. विसर्जन

१९९५ हे वर्ष भारतीय पॉप संगीताच्या दृष्टीनेही वळणाचे ठरले. अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ हा अल्बम याच वर्षी विलक्षण गाजला. हिंदी पॉपला बाजारपेठ आहे हे ध्वनिमुद्रण कंपन्यांना आणि वाहिन्यांना उमगले. १९९४ मध्ये सुरू झालेली चॅनेल व्ही आणि १९९६ मध्ये भारतासाठी स्वतंत्रपणे आलेली एमटीव्ही यांनी हळूहळू हिंदीची कास धरली. इंग्रजीत गाणाऱ्या स्थानिक बँडसाठी पडद्यावरील जागा आकसत गेली. ज्या माध्यमाने १९९३ मध्ये डोक्यावर घेतले, त्यालाच तीन-चार वर्षांनी या संगीताची गरज उरली नाही.

१९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. बेनेगल आणि जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा भारतीय-पाश्चात्त्य मेळ साधणारा बँड उभारला. पुढे बेनेगल आणि तिनईकर यांनी ‘व्हर्लिंग कलापाज्’ या नावाने विद्युत्-वाद्यांच्या गोंगाटाविना गाणी सादर केली. याच काळात मुंबईचा ‘पेंटाग्राम’ हा बँड टिकून राहिला. त्याचे गायक विशाल ददलानी यांना पुढे हिंदी चित्रपटसंगीतात स्थान मिळाले, ही बाब येथे अप्रस्तुत नाही. भारतात रॉक संगीत टिकवायचे तर उपजीविकेचा आधार बहुधा अन्यत्र शोधावा लागतो. त्यामुळे ‘इंडस क्रीड’चे विसर्जन हे केवळ कलात्मक अपयश मानता येणार नाही. केवळ स्वतःच्या इंग्रजी गाण्यांवर जगू पाहणाऱ्या बँडला पेलेल अशी व्यवस्थाच त्या वेळी उभी नव्हती.

६. ‘इव्हॉल्व्ह’ : परिपक्वतेची खूण

२०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला. जुन्यांपैकी बेनेगल, तिनईकर व बालापोरिया आणि नव्याने रुशाद मिस्त्री (बास गिटार) व जय राव कवी (ड्रम) असा हा संच होता. पुनर्मीलन झालेले बँड बहुधा जुन्या गाण्यांच्या पुण्याईवर कार्यक्रम करतात आणि श्रोतेही स्मरणरंजनासाठीच येतात. हा सोपा मार्ग या बँडने नाकारला. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नव्या गाण्यांचा अल्बम आला. त्याच्या अंतिम ध्वनिमिश्रणाचे काम टिम पामर या इंग्रज ध्वनितज्ज्ञाने केले. ‘पर्ल जॅम’ या अमेरिकन बँडच्या पहिल्या अल्बमचे मिश्रणही त्यांचेच.

‘इव्हॉल्व्ह’मध्ये अवघी आठ गाणी आहेत. ‘फायरफ्लाइज’पासून ‘गुडबाय’पर्यंतच्या या गाण्यांत घाई नाही. रचना विस्तारत जातात, लयीची वळणे श्रोत्याला सावध ठेवतात आणि कीबोर्ड ही केवळ भराव घालणारी साथ न राहता विचाराचा भाग होतो. ‘द मनी’सारख्या शीर्षकातूनच दिसते की येथे बोलणारा तरुण बंडखोर नाही. तो जग पाहिलेला, पैशाचे व्यवहार ओळखणारा प्रौढ नागरिक आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण भारतीय आहोत हे पटवून देण्याची निकड येथे जाणवत नाही. १९९५ मध्ये जे सिद्ध करावेसे वाटत होते, ते २०१२ मध्ये गृहीत धरले आहे. म्हणूनच चार अल्बमांपैकी हा अल्बम बाह्यतः सर्वांत कमी ‘भारतीय’ असूनही सर्वांत अधिक ‘स्वतःचा’ वाटतो.

या अल्बममध्ये उणिवा नाहीत असे नाही. काही ठिकाणी वादनातील सफाई भावनेवर मात करते. पहिल्या अल्बममधील कच्चा उत्साह येथे नाही आणि त्याची उणीव भासते. परंतु वयाच्या पन्नाशीकडे झुकलेल्या कलावंतांनी विशीतील उत्साहाचे सोंग आणले असते, तर तेही एका परीने अनुकरणच ठरले असते. या वेळी ते स्वतःचेच अनुकरण झाले असते.

७. भाषेचा प्रश्न

मुंबईच्या या बँडने मराठीत वा हिंदीत का गाइले नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. कोलकात्यात गौतम चट्टोपाध्याय यांच्या ‘मोहीनेर घोडागुली’ने सत्तरच्या दशकातच बंगालीत गाणी रचली होती, हे लक्षात घेता तो अधिक टोकदार होतो. परंतु बँडच्या सदस्यांची नावे पाहिली तरी उत्तराची दिशा दिसते. तिनईकर, बेनेगल, गांधी, सेल्विन, बालापोरिया, मेनेझिस ही एका भाषेची नावे नाहीत. अशा मित्रमंडळींना जोडणारी भाषा मुंबईच्या एका विशिष्ट स्तरात इंग्रजी हीच होती.

वाडीसारख्या वस्तीत राहणाऱ्यास ही गोष्ट समजणे कठीण जाऊ नये. अंबाझरीच्या आयुध निर्माणीमुळे आणि अमरावती मार्गावरील वाहतूक-गोदामांमुळे येथे अनेक प्रांतांची माणसे शेजारी आली. त्यांनी परस्परांशी बोलण्यासाठी हिंदी जवळ केली. ती अनेकांची मातृभाषा नव्हती, म्हणून तिला कोणी नक्कल म्हटले नाही. सहवासातून आलेली भाषा ही उसनी नसते. ‘इंडस क्रीड’च्या इंग्रजीलाही हाच न्याय लावला पाहिजे. मात्र या निवडीची किंमतही होती. ही गाणी महाराष्ट्रातील बहुसंख्य श्रोत्यांपर्यंत शब्दांसह पोहोचली नाहीत, आणि मराठी समीक्षेने त्यांची दखल क्वचितच घेतली. पहिल्या गोष्टीचा दोष बँडच्या पदरात घालता येईल. दुसऱ्या गोष्टीचा दोष समीक्षेने स्वतःकडे घेतला पाहिजे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) परदेशी गाण्यांच्या प्रतिकृतीची अपेक्षा असलेल्या वातावरणात स्वरचित गाण्यांचा आग्रह धरणे हे ‘रॉक मशीन’चे प्रमुख योगदान होय.

२) १९९३ मधील नावबदल आणि १९९५ चा अल्बम यांतील भारतीयत्वाचा शोध प्रामाणिक असला तरी तो अंशतः बाहेरच्या नजरेसाठी होता. त्यामुळे तो रचनेत पुरेसा मुरला नाही.

३) १९९७ चे विसर्जन मुख्यत्वे माध्यमे आणि बाजारपेठ यांच्या बदललेल्या दिशेशी निगडित आहे.

४) ‘इव्हॉल्व्ह’ हा या कारकिर्दीचा कलात्मक कळस असून वाद्यांवरून वा भाषेवरून नव्हे, तर गाण्यातून बोलणाऱ्या माणसाच्या खरेपणावरून स्वत्व ठरते, हे तो दाखवून देतो.

एका प्रश्नाकडे लक्ष वेधणे शेवटी आवश्यक वाटते. या बँडचा पहिला श्रोता कॅसेटवर वाढला. चुंबकीय फिती कालांतराने झिजतात, चिकटतात आणि अखेर मुक्या होतात. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी पुस्तके जपली, परंतु आपल्याच राज्यात घडलेल्या अशा ध्वनिमुद्रणांकडे अभ्याससाधन म्हणून क्वचितच पाहिले. दुसऱ्याचे गाणे हुबेहूब गाणाऱ्यांचे मूळ कोठेतरी सुरक्षित असते. ज्यांनी स्वतःचे गाणे रचले, त्यांचे मूळ मात्र त्या फितीतच असते. ते नष्ट झाले तर मागे केवळ नाव उरेल, आणि नावावरून गाण्याची पारख करता येत नाही.